व्ही.पी.ने आलेले आरोग्य

आमच्या जुन्या घराच्या माजघरातील दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या अकरा रेघा होत्या. पुढे घराला कितीदा तरी रंग दिला गेला. परंतु त्या चौकटीला कुंचला लावायचा नाही, असे काकू रंगाऱ्याला प्रत्येक वेळी बजावून सांगत असे. त्या रेघा माझ्या थोरल्या चुलतभावाच्या उंचीच्या होत्या. १९८२ साली तो वीस वर्षांचा होता. पोलीस भरतीच्या मोजमापात त्याची उंची दोन सेंटिमीटर कमी भरली आणि तो परत आला. त्याच आठवड्यात एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर त्याला एक चौकोन दिसला. डावीकडे खांदे पाडून उभा असलेला एक बुटका तरुण, उजवीकडे तोच तरुण ताठ, हसतमुख आणि वीतभर उंच. खाली मजकूर : कोणत्याही वयात उंची वाढवा, गुण न आल्यास पैसे परत.

त्या काळी अशी औषधे व्ही.पी.ने, म्हणजे मूल्यदेय टपालाने येत. भारतीय टपाल खात्याने ही सोय १८७७ साली सुरू केली होती आणि खेड्यापाड्यांतील लोकांना तिचा मोठाच उपयोग झाला. पुण्या-मुंबईची पुस्तके, बियाणे, घड्याळे या सोयीमुळे घरपोच मिळू लागली. तिचा नियम एवढाच, की आधी पोस्टमनच्या हातात पैसे ठेवायचे आणि मग पुडके फोडायचे. पुडक्यात काय आहे याची जबाबदारी टपाल खात्यावर नव्हती. ते केवळ वाहक होते. भावाने काकूने साठवलेल्या पैशांतून पंच्याण्णव रुपये मोजले. आत पत्र्याचा एक डबा, पांढरी भुकटी आणि चार पानांचे एक पत्रक निघाले. मी सहावीत होतो. भुकटीची चव मी चोरून पाहिली होती. दुधाची पावडर आणि पिठीसाखर एकत्र केल्यावर लागेल, तशी ती लागली.

पत्रकात लिहिले होते, की औषध सुरू करण्यापूर्वीची उंची सायंकाळी मोजावी आणि त्यानंतरची मोजमापे दर रविवारी सकाळी उठल्याबरोबर, ताणाचे व्यायाम करून घ्यावीत. या सूचनेतील मख्खी समजायला मला पुढे पंधरा वर्षे लागली. आपल्या मणक्यांच्या मध्ये ज्या लवचीक गाद्या असतात, त्या दिवसभराच्या वजनाने दबतात आणि रात्री आडवे झाल्यावर पुन्हा फुगतात. त्यामुळे कोणताही माणूस सायंकाळपेक्षा सकाळी साधारण सेंटिमीटरभर उंच भरतो. भावाची पहिली रेघ सायंकाळची होती आणि पुढच्या साऱ्या सकाळच्या. पहिल्याच रविवारी रेघ वर सरकली तेव्हा काकूने देवापुढे साखर ठेवली. पुढच्या रविवारी ती आणखी थोडी वर गेली, कारण तोवर तो टाचा भिंतीला नीट टेकवीनासा झाला होता. माणसाला ज्या गोष्टीची फार आस असते, त्या गोष्टीचे मोजमाप त्याने स्वतः करू नये, हेच खरे.

दुसऱ्या भरतीत त्याचे मोजमाप दुपारी दोन वाजता झाले. तो घरी आला, जेवला आणि कोणाशी काही बोलला नाही. वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चा हाडांत रूपांतरित होतात आणि त्यानंतर जगातील कोणतीही भुकटी त्या हाडांची लांबी वाढवू शकत नाही, हे कोणी तरी त्याला आधी सांगायला हवे होते. पैसे परत मागणारी तीन पत्रे त्याने पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही.

या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षे झाली. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानाची जागा आता रात्री उशिराच्या दूरचित्रवाणीने आणि हातातल्या मोबाईलने घेतली आहे. पोस्टमनऐवजी पाठीवर मोठी पिशवी अडकवलेला कुरिअरचा मुलगा येतो. व्ही.पी.ला आता ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतात. भुकटीलाही नवी नावे मिळाली आहेत. तिला ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणजे आरोग्यपूरक म्हणतात, ‘न्यूट्रास्युटिकल’ म्हणतात. मात्र जाहिरातीची भाषा बदललेली नाही. मी भाषेचा विद्यार्थी आहे. औषधशास्त्र मला कळत नाही. परंतु या जाहिरातींचा खोटेपणा पकडायला औषधशास्त्राइतकेच व्याकरणही उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

‘संशोधनाने सिद्ध झालेले’ हे वाक्य पाहा. सिद्ध कोणी केले? कोठे? किती माणसांवर? वाक्यातला कर्ता पुसून टाकला, की हे प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. ‘साखर नियंत्रणात ठेवण्यास साहाय्यभूत’ यातील ‘साहाय्यभूत’ हा शब्द वकिलाच्या सल्ल्याने आलेला असतो. वाचणारा ‘साखर नियंत्रणात’ एवढेच वाचतो. उद्या न्यायालयात उभे राहण्याची वेळ आली, तर विकणारा ‘साहाय्यभूत’वर बोट ठेवतो. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हा शब्दप्रयोग तर इतका रुळला आहे, की त्यातील विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही. धोतरा नैसर्गिक आहे, कण्हेर नैसर्गिक आहे, बचनाग तर जमिनीतून उपटलेले मूळच आहे. यांपैकी काही वनस्पती वैद्य वापरतात. पण शोधन करून, मात्रा मोजून आणि समोर बसलेल्या रोग्याकडे पाहून. ‘हजारो वर्षांच्या परंपरेतील’ म्हणून जो डबा विकला जातो, त्या डब्याला आपला रोगी कोण हेच ठाऊक नसते. परंपरेतील वैद्य नाडी पाहतो, प्रकृती विचारतो, पथ्य सांगतो आणि एकाला दिलेले औषध दुसऱ्याला देत नाही. परंपरेचे नाव घेऊन परंपरेचा मुख्य नियमच मोडायचा, याला काय म्हणावे?

यानंतर येतात ती आभाराची पत्रे. सौ. अमुक, जिल्हा तमुक : माझी गुडघेदुखी वीस दिवसांत पळाली. अशी काही पत्रे खरीही असतात, आणि म्हणूनच ती घातक. सांधेदुखी भरती-ओहोटीसारखी वाढते आणि उतरते. माणूस औषध मागवतो तेव्हा दुखणे टोकाला पोहोचलेले असते, म्हणजे ते उतरणारच असते. उतरले की श्रेय डब्याला. ज्यांचे उतरले नाही, ते पत्र लिहीत नाहीत. लिहिले तरी छापते कोण? आणि कधीकधी दुखणे खरोखर झपाट्याने थांबते, तेव्हा तर अधिकच सावध व्हावे. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे औषध प्रशासनाने वेळोवेळी उघडकीस आणली आहेत. स्टेरॉइडने वेदना थांबते हे खरे. तिची किंमत हाडे, डोळे आणि रक्तातील साखर यांना पुढे मोजावी लागते. बोस्टन येथील संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेल्या, भारतात व अमेरिकेत तयार झालेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी केली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे २१ टक्के उत्पादनांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले.

हा आपल्याच देशाचा दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. विलायतेत एकोणिसाव्या शतकात गुप्त औषधांचा सुळसुळाट होता. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने या औषधांचे पृथक्करण करवून ‘सिक्रेट रेमेडीज’ या नावाचे पुस्तकच काढले आणि प्रत्येक औषधात काय आहे व त्याला खर्च किती येतो, हे छापले. एका अतिशय प्रसिद्ध गोळीत कोरफडीचा सुकवलेला चीक, सुंठ आणि साबण निघाला. डबीची विक्रीची किंमत आतील द्रव्यांच्या किमतीच्या शंभरपट होती. आपल्याकडे कोणी असे पुस्तक दर पाच वर्षांनी काढले, तर मी ते पाठ्यक्रमात लावण्याचा आग्रह धरीन.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. ‘औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ व्याधी व अवस्थांची यादी असून त्या बऱ्या करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. त्या यादीत मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, रक्तदाब आहे, कर्करोग आहे. आणि हो, माणसाची उंचीही आहे. माझा भाऊ ज्या दिवशी तो चौकोन वाचत होता, त्या दिवशी तो चौकोन छापणे हा आधीपासूनच अपराध होता. या कायद्याला लगेचच आव्हानही दिले गेले होते. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द केल्या. परंतु अशा निषिद्ध औषधांची व्यापारी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. मूळ कायद्यात पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड ठेवला होता. कैदेत गेलेला असा जाहिरातदार मी तरी पाहिलेला नाही.

विकणाऱ्यांनी पुढे पळवाट शोधली ती ‘अन्न’ या शब्दात. वस्तूला औषध न म्हणता अन्न म्हटले, की परवाना औषध प्रशासनाकडून नव्हे, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडून मिळतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार अशा पूरकांना कोणताही विशिष्ट रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, आणि ‘हे औषधी उपयोगासाठी नाही’ अशी सूचना वेष्टनावर ठळकपणे छापावी लागते. डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक एवढेच सांगतो, की तयार करणाऱ्याची नोंदणी झालेली आहे. आतील पदार्थ गुणकारी आहे, असे तो क्रमांक सांगत नाही. परंतु तो क्रमांक दाखवून ‘सरकारमान्य’ हा शब्द सर्रास विकला जातो. तो कसा विकला जातो, हे मी माझ्या आत्याच्या घरी पाहिले.

आत्या इंदूरला असते. बारा वर्षांपासून तिला मधुमेह आहे. २०२१ साली तिने मोबाईलवर एक जाहिरात पाहून तिच्याखालील क्रमांकावर फोन केला. त्यानंतर ‘डॉक्टर’ म्हणवणारा एक मुलगा तिला दररोज फोन करू लागला. तो तिला ‘माताजी’ म्हणे, जेवण झाले का विचारी, गुडघ्यांची चौकशी करी. आत्याची दोन्ही मुले परदेशी. इस्पितळातील डॉक्टरांना प्रत्येक रोग्यासाठी चार मिनिटे मिळत. त्यांत ते कागदाकडे पाहत, तिच्याकडे नाही. हा मुलगा मात्र वीस-वीस मिनिटे ऐकून घेई. तीन महिन्यांच्या ‘कोर्स’चे चार हजार आठशे रुपये तिने दारात आलेल्या कुरिअरच्या मुलाच्या हातात मोजून ठेवले. मग त्या ‘डॉक्टरा’ने सांगितले, की भुकटीचा गुण यायला हवा असेल तर आधीच्या गोळ्यांचे विष शरीरातून निघून गेले पाहिजे. आत्याने गोळ्या बंद केल्या.

पहिले काही दिवस तिला हलके वाटले. मग तहान वाढली, रात्री पाच-पाचदा उठावे लागू लागले. फोनवरून उत्तर मिळाले, की विष निघत आहे, घाबरू नका. इतक्या वर्षांच्या मधुमेहाने तिच्या पावलांची संवेदना आधीच मंदावलेली होती. नव्या चपलेने अंगठ्याजवळ झालेली जखम तिला कळलीच नाही. साखर बेसुमार वाढलेली असल्यामुळे ती भरेना, आणि सहाव्या आठवड्यात शेजारणीने तिला उचलून इस्पितळात नेले तेव्हा उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. मी पोहोचलो त्या दिवशी सर्जन मला म्हणाले, पाऊल वाचले हे नशीब.

रात्री तिच्या स्वयंपाकघरात मी तो डबा शोधून काढला. पुढच्या बाजूला हिरवी पाने, सोनेरी अक्षरांत नाव आणि ‘मुळापासून’ हा शब्द होता. मागच्या बाजूला, जेथे पिठाच्या हाताने डबा धरला जातो तेथे, मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. आत्याचे भिंग घेऊन मी ती वाचली : नॉट फॉर मेडिसिनल यूज. औषधी उपयोगासाठी नाही. म्हणजे खरे बोलण्याची कायद्याची अट त्यांनी पाळली होती. फक्त जिला खरे सांगायचे होते, तिला वाचता येऊ नये अशा भाषेत आणि अशा आकारात ती पाळली होती. आत्या मराठी आणि हिंदी दोन्ही उत्तम वाचते. तिला इंग्रजी येत नाही.

ही हकीकत सांगितली की बहुतेक सुशिक्षित माणसे एकच प्रश्न विचारतात : पण त्यांना एवढेही कसे कळले नाही? या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. माझी आत्या तीस वर्षे शाळेत गणित शिकवत होती. माझा भाऊ पुढे उत्तम कारागीर झाला. फसणारा मूर्ख असतो हे गृहीत धरले, की फसवणारा आपोआप हुशार ठरतो. आणि त्या हुशारीचे आपल्याला छुपे कौतुकही वाटते. या व्यापाराचे खरे भांडवल भुकटी नाही. ज्या दुखण्याबद्दल चारचौघांत बोलता येत नाही, ते दुखणे हे त्याचे भांडवल. बुटकेपणा, लठ्ठपणा, केस गळणे, मूल नसणे, पुरुषत्वाची शंका, ही सारी त्यात येतात. माणूस औषध गुपचूप मागवतो, म्हणून फसल्यावरही गुपचूपच राहतो. बंद पुडक्यात काय आहे हे कोणाला कळू नये, ही व्ही.पी.ची सोय विकणाऱ्यालाही तितकीच सोयीची होती.

आणि छापणारे? वृत्तपत्राच्या अग्रलेखात विवेकाचा पुरस्कार करायचा आणि सातव्या पानावर ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ छापून त्याचे पैसे घ्यायचे, हा दुटप्पीपणा आपण फार सहजपणे चालवून घेतो. ‘जाहिरातीतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ या एका ओळीने हात धुतले जातात. इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ साली केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली एका नामांकित आयुर्वेदिक कंपनीला फैलावर घेतले. कंपनीने वृत्तपत्रांतून जाहीर माफीनामा छापला, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले, की हा माफीनामा तुमच्या जाहिरातींएवढ्याच आकाराचा आहे का? त्या प्रश्नातील मर्म मला फार आवडले. आत्याच्या डब्यावरची ती मुंगीएवढी ओळ मला लगेच आठवली.

पूरक या शब्दाचा मूळ अर्थ उणीव भरून काढणारे. उणीव असेल तरच पूरकाला काही अर्थ. रक्तक्षय असलेल्या स्त्रीला लोहाच्या गोळ्या लागतात. त्या सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात, म्हणून त्यांची जाहिरात कोणी करीत नाही. ब-१२ वा ड जीवनसत्त्वाची कमतरता रक्त तपासून कळते आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या साध्या गोळ्यांनी भरून निघते. प्रथिनांचे म्हणाल, तर शंभर ग्रॅम मुगाच्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यांतही जवळपास तेवढीच. व्यायामशाळेत जाणारा मुलगा हजारो रुपयांचा डबा विकत घेतो, तेव्हा त्याच्या घरातील वरणाच्या पातेल्याची किंमत कोणी तरी त्याला सांगायला हवी.

इस्पितळातून घरी आल्यावर तक्रार करायची असे मी म्हटले, तेव्हा आत्या प्रथम नाहीच म्हणाली. लोक हसतील, मुलांना कळेल. मी तिला सांगितले, की २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आता ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागू देतो. विकणाऱ्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील हवाच असेही नाही, साध्या कागदावर आपल्या भाषेत लिहिता येते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नुसता फोन केला तरी नोंद होते. शिवाय याच कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “डबा टाकू नकोस. पावती माझ्या पर्समध्ये आहे.”

डबा, पावती, फोनवरील जाहिरातीचे छायाचित्र, त्या ‘डॉक्टरा’च्या फोनच्या वेळा आणि इस्पितळाचे कागद एवढे सारे टेबलावर मांडून आम्ही बसलो. मी लिहीत होतो. ‘सदर उत्पादनाच्या जाहिरातीमुळे माझी फसवणूक झाली असून’ एवढे वाक्य मी वाचून दाखवताच तिने हात वर केला. शाळेत फळ्यापुढे उभी असताना ती असाच हात वर करीत असे.

“झाली म्हणजे काय? आपोआप झाली का ती?” आत्या म्हणाली. “त्यांनी केली. तसे लिही. आणि त्यांचे नाव वाक्याच्या सुरुवातीला घे.”

मी कागद फाडला आणि नव्याने लिहायला घेतले.